‘प्रोग्रामर संपला’ : सत्तर वर्षांची आवई आणि तिचे खरे उत्तर

१/ प्रोग्रामरचा धंदा बुडाला, अशी आवई हल्ली दर आठवड्याला उठते. यंत्राला साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने चहा थंड होण्याआधी चालता कोड पुढ्यात ठेवावा, यात आता नवल उरलेले नाही. मग संगणकशास्त्र शिकायचे तरी कशाला, असा प्रश्न विद्यार्थी गंभीरपणे विचारू लागले आहेत. प्रश्न आजचा आहे. परंतु त्याची जी दोन उत्तरे सर्वत्र फिरतात, ती दोन्ही इतिहासाची साक्ष काढतात. दोन्ही साक्षी कच्च्या आहेत. आजचा धागा त्यांच्या उलटतपासणीसाठी.

२/ पहिले उत्तर असे : यंत्र आले की कारागीर जातो, हातमागाचे झाले तेच कोडचे होणार. दुसरे असे : कंपायलर आला तेव्हाही हीच ओरड झाली होती, पुढे उलट नोकऱ्याच वाढल्या, तेव्हा निश्चिंत असा. पहिले उत्तर भीती विकते, दुसरे झोप विकते. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही दुकानांतून रिकाम्या हाताने बाहेर पडावे. आधी घडले काय, ते क्रमाने पाहू.

३/ फेब्रुवारी १९४६, फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा सुमारे १८,००० निर्वात नलिकांचा अवाढव्य संगणक जगापुढे आला. तोफगोळा जमिनीवर पडायच्या आत त्याचा मार्ग गणिताने काढून दाखवणारे यंत्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याला काम सांगणाऱ्या सहा तरुणी होत्या : के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्याआधी अशी गणिते माणसे करीत, आणि त्या हुद्द्याचे नावच ‘कंप्युटर’ असे होते.

४/ या सहाजणींना शिकवायला पुस्तक नव्हते. यंत्राचे आराखडे वाचून, तारा जोडून, खटके फिरवून त्यांनी ते आतून जाणले. श्रेय मात्र यंत्र बांधणाऱ्या अभियंत्यांना मिळाले. या नावांना प्रकाश दिसायला दशके लागली. कारण त्या काळच्या धुरीणांच्या लेखी आज्ञावली रचणे हे कारकुनी काम होते : बुद्धी बांधणाऱ्याची, हात मुलींचे. ही समजूत ध्यानात ठेवा. ‘कोड लिहिणे म्हणजे निव्वळ टंकन, विचार वेगळीकडे होतो’ हा आजचा सूर तिचाच वारस आहे.

५/ पुढे ग्रेस हॉपर. हार्वर्डच्या ‘मार्क १’ यंत्रावर तयार झालेल्या या गणितज्ञ बाईंनी १९५२ च्या सुमारास ‘ए-०’ ही प्रणाली उभी केली. नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि यंत्रानेच ते शोधून जोडायचे. कंपायलर हा शब्द इथून रूढ झाला. संगणक गणित करतो, तो आज्ञावली कशी रचणार, असे म्हणून भल्याभल्यांनी या कामाकडे पाठ फिरवली. त्या काळी या विद्येला नाव होते ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’. आजच्या जाहिरातीतला शब्द इतका जुना आहे.

६/ आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये फोरट्रान भाषेचा प्राथमिक आराखडा मांडला. ही भाषा आली की कोड लिहिणे आणि त्यातले दोष शोधणे जवळजवळ नाहीसेच होईल, असा आशय त्यात स्पष्ट होता. ‘प्रोग्रामर संपला’ या आवईचा जन्म शोधायचा तर तो इथे सापडतो. १९५७ मध्ये फोरट्रान प्रत्यक्ष आली. जुन्या जाणत्यांचा तिच्यावर विश्वास बसेना. त्या पिढीतील प्रोग्रामर स्वतःला गुप्तविद्येचे पुरोहित समजत, असे बॅकस यांनीच पुढे नमूद केले आहे.

७/ झाले काय? हाताने यंत्रभाषा लिहिणे बहुतांशी संपले. प्रोग्रामर संपला नाही; तो शतपटींनी वाढला. कारण काम स्वस्त झाले तशी कामेही वाढली. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने कोबोलची आखणी सुरू झाली. इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी भाषा असली की व्यवस्थापकालाही कोड वाचता येईल, अशी आशा होती. व्यवस्थापकांनी कोड काही वाचला नाही. कोबोल प्रोग्रामर नावाचा नवा वर्ग मात्र जन्मला.

८/ ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने बोलावलेल्या परिषदेत तज्ज्ञ जमले, ते ‘सॉफ्टवेअर संकटा’ची चर्चा करायला : कामे रखडतात, खर्च हाताबाहेर जातो, दोष सापडत नाहीत. म्हणजे भाषा सोप्या झाल्या, तरी काम सोपे झाले नव्हते. १९८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स मार्टिन यांच्या एका पुस्तकाच्या नावातच ‘प्रोग्रामरविना’ सॉफ्टवेअर बनवण्याचा मंत्र होता. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रातही, आराखडा दिला की त्यातून कोड निर्माण करणारी ‘मास्टरक्राफ्ट’सारखी साधने घडली. यंत्राने कोड लिहिणे आपल्या गावालाही नवे नाही.

९/ या साऱ्याचे मर्म फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सांगितले. सॉफ्टवेअरमधील अडचणी दोन जातींच्या. एक उपऱ्या : भाषेच्या, साधनांच्या, टंकनाच्या. दुसऱ्या अंगभूत : नेमके काय हवे आहे, नियम कुठे एकमेकांना छेदतात, अपवाद कोणते. साधने पहिल्या जातीच्या अडचणी दूर करतात; दुसऱ्या जातीच्या तशाच उरतात. पीक विम्याचा दावा कोणत्या परिस्थितीत नाकारायचा, हे ठरवणे कोणत्याही भाषेत तितकेच कठीण.

१०/ इथवर वाचून झोप विकणारा दुकानदार खूष झाला असेल. ‘पाहा, दर वेळी हेच घडले, याही वेळी हेच घडेल!’ थांबा. चार वेळा वाचलो म्हणून पाचव्यांदा वाचूच, हे तर्कशास्त्र जुगाऱ्याचे आहे. इतिहासात साम्य दिसले की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : भेद कुठे आहे? आणि या वेळी भेद मोठा आहे. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलटची प्राथमिक आवृत्ती आली, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि त्यानंतर कंपायलरची उपमा मोडली.

११/ कंपायलरला दिलेली भाषा काटेकोर असते. तीच आज्ञावली दिली की तेच उत्तर मिळते. त्यात खोट सापडली तर ती एकदा दुरुस्त होते आणि सर्वांसाठी दुरुस्त होते. म्हणूनच प्रोग्रामरने यंत्रभाषा वाचणे सोडले, आणि ते सोडणे शहाणपणाचे होते. एआयला आपण देतो ती बोलभाषा. तिच्यात संदिग्धता मुरलेली. तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन निराळी उत्तरे येऊ शकतात. जे आपण सांगायचे विसरलो, ते यंत्र अंदाजाने भरते, आणि तो अंदाज खऱ्याइतकाच सुबक दिसतो. त्यामुळे इथे वाचणे सोडता येत नाही.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको. आपल्याकडे बखर आहे आणि अस्सल कागद आहे. बखर ओघवती, रसाळ, सलग. कुठेही खंड नाही, कारण जिथे माहिती नव्हती तिथे लेखणीने पूल बांधला. अस्सल कागद तुटक, रुक्ष, कधी अर्धा फाटलेला. पण त्या दिवसाचा. मल्हार रामराव चिटणिसांची बखर शिवकालानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. ती वाचनीय आहे म्हणून कोणी जाणकार तिच्यातील तिथी डोळे मिटून स्वीकारत नाही. एआयने लिहिलेला कोड ही बखर आहे. चांगली बखर आहे, पुष्कळदा खरीही आहे. पण ती बखर आहे.

१३/ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यांची लढाई मजकूर कमी असल्याची नव्हती. बखरींचा मजकूर मुबलक होता. त्यांचा हट्ट होता की प्रत्येक विधानाला त्या काळचा कागद दाखवा. मजकूर मुबलक झाला की चिकित्सेची किंमत वाढते. आज कोडच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे. डेव्हलपरची भूमिका लेखकाकडून चिकित्सकाकडे सरकत आहे : काय मागायचे ते नेमके ठरवणारा, आलेले पारखणारा आणि नकार देण्याची धमक असणारा.

१४/ ही पारख फुकट होत नाही. २०२५ मध्ये ‘मेटर’ या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांवर प्रयोग केला. त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे, काही एआयसह, काही त्याविना. एआयसह कामाला १९ टक्के अधिक वेळ लागला. गंमत पुढे आहे : काम संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला. प्रयोग लहान आहे, साधने त्यानंतर सुधारली आहेत, आणि नवख्या प्रकल्पांत चित्र वेगळे असू शकते. तरी एक गोष्ट उरते : वेग वाटणे आणि वेग असणे यांत अंतर आहे.

१५/ डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी १९८५ मध्ये एक विलक्षण मुद्दा मांडला होता. प्रोग्रामचा प्राण त्याच्या मजकुरात नसतो. तो करणाऱ्यांच्या डोक्यातील जाणिवेत असतो : हे असेच का केले, तसे का नाही, बदलायचे तर कुठे हात लावावा. ती माणसे पांगली की प्रोग्राम चालत राहिला तरी मेलेला असतो. कोड यंत्राने लिहिला आणि ही जाणीव कोणाच्याच डोक्यात तयार झाली नाही, तर तो प्रोग्राम जन्मतःच अनाथ.

१६/ अनाथ मजकूर कसा असतो, ते पाहायला पुण्याच्या पुराभिलेखागारात जावे. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल तिथे आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी सराईतपणे वाचणारे थोडे. लिपीचा व्यवहार थांबला, शिकण्याची साखळी तुटली, आणि पणजोबांचे अक्षर पणतूला परके झाले. आता मोडी वाचणारी यंत्रे घडवण्याचे प्रयत्न होत आहेत, ते स्वागतार्हच. पण यंत्राने वाचलेले बरोबर की चूक, हे सांगणार कोण? ज्याला मोडी येते तोच.

१७/ कोबोलचेही हेच झाले. एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. दोष जुन्या कोबोलचा होता की नंतर जोडलेल्या भागांचा, यावर पुढे वाद झाला. पण तो वाद मिटवायलाही वाचणारी माणसेच लागतात. लोक घरभाड्याची वाट पाहत होते, आणि सरकार वाचक शोधत होते.

१८/ वाचक नसले, किंवा असूनही त्यांचे कोणी ऐकले नाही, तर काय होते याचा सर्वांत काळा दाखला ब्रिटनचा. तेथील टपाल खात्यात ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली आली. ती खोट्या तुटी दाखवी. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उप-टपालप्रमुख चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणी दिवाळखोर झाले, कोणाला गावाने वाळीत टाकले. त्यांचा अपराध एवढाच की संगणकाचा आकडा आणि गल्ल्यातील पैसा जुळत नव्हता.

१९/ होरायझन माणसांनी लिहिली होती. तिच्यात एआय नव्हते. म्हणूनच हा दाखला बोलका आहे. संगणक बरोबरच चालतो असे गृहीत धरणारा कायदा होता, आणि ‘आम्हाला हे नीट कळलेले नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे कोणी न्यायालयात उभे राहिले नाही. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आता कल्पना करा : असाच हिशेब, आणि तो कोणी लिहिला असे विचारल्यावर उत्तर ‘कोणीच नाही’. यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही, आणि त्याला लाजही वाटत नाही.

२०/ म्हणून माझा आरोप एआयवर नाही. ते साधन विलक्षण आहे आणि ते वापरणार नाही असे म्हणणे हा पोरकटपणा. माझा आरोप त्या हिशेबावर आहे, जो म्हणतो : जाणते ठेवा, नवखे घेऊ नका, नवख्याचे काम यंत्र करते. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील पगारनोंदी तपासल्या. एआयचा स्पर्श सर्वाधिक झालेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार तुलनेने १३ टक्के घटलेला दिसला. त्याच व्यवसायांतील अनुभवी माणसे टिकून होती. कारणांवर वाद आहे. दिशेकडे काणाडोळा करता येणार नाही.

२१/ या हिशेबातील खोट साधी आहे. जाणता आकाशातून पडत नाही. तो कालचा नवखा असतो. फुटकळ दुरुस्त्या, कंटाळवाण्या चाचण्या, रात्री दोनला सापडलेला स्वतःचाच बग : हीच उमेदवारी. ती करताना मिळणारे काम कमी मोलाचे असते, पण त्यातून घडणारी नजर अमोल असते. आजचे व्यवस्थापन बी-बियाणे विकून नफा दाखवत आहे. यंदाचा ताळेबंद छान दिसेल. दहा वर्षांनी पारख करायला माणूस लागेल, तेव्हा तो कोणत्या शेतात पिकलेला असेल?

२२/ आता लडाइटांकडे येऊ, कारण प्रत्येक वादात त्यांना शिवी म्हणून ओढले जाते. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणणाऱ्यांनी यंत्रे फोडली. पण ज्या विणयंत्रावर ते पोट भरत, ते विल्यम ली यांनी १५८९ मध्ये शोधलेले. दोनशे वर्षे ते त्याच्याशी नांदत होते. त्यांच्या तक्रारी नेमक्या होत्या. एक, रुंद कापड विणून, कापून, शिवून विकले जाणारे हलके मोजे धंद्याचे नाव घालवतात. दोन, उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी मजुरीवर यंत्रापुढे बसवले जाते. यंत्रद्वेष कुठे आहे यात? हलका माल आणि तुटलेली उमेदवारी, हाच तो वाद.

२३/ उत्तर काय मिळाले? १८१२ मध्ये विणयंत्र फोडणाऱ्याला देहदंड देणारा कायदा झाला. उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत कवी बायरन होते. १५६३ पासून चालत आलेली सात वर्षांच्या उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये रद्द झाली. त्या जुन्या सक्तीत मक्तेदारी होती, जाच होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शिकणाऱ्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न तेव्हा बाजारावर सोडला गेला, आणि बाजाराने तो शिकणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवला. आज आपण नेमके तिथेच उभे आहोत.

२४/ एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर द्यायला हवे. यंत्रभाषा न शिकता पिढ्या उत्तम प्रोग्रामर झाल्या. मग कोड हाताने न लिहिताही चिकित्सक का घडणार नाही? शिवाय यंत्र आता चाचण्याही लिहिते, चालवते, स्वतःची चूक सुधारते. खरे आहे. काही जुनी कौशल्ये जातील, जावीतही. पण चाचणी पास झाली म्हणजे मागणी पुरी झाली असे नसते; काय तपासायचे राहिले, हे ओळखायला विषय आतून माहीत असावा लागतो. मोडी वाचायला शिकणारा मोडी गिरवतो. लिहिलेल्या हाताचेच डोळे तयार होतात.

२५/ तेव्हा मागण्या तीन. कंपन्यांना : नवख्यांची भरती हा दानधर्म नाही, उद्याच्या परीक्षकांचा तो खर्च आहे, तो ताळेबंदात तसाच दाखवा. महाविद्यालयांना : पाठ केलेल्या उत्तरांची परीक्षा बंद करा; यंत्राने लिहिलेला सदोष कोड हाती द्या आणि दोष शोधून कारण लिहायला सांगा. विद्यार्थ्यांना : एआय जरूर वापरा, पण जो कोड तुम्हाला फळ्यावर उभे राहून समजावता येत नाही, तो तुमचा म्हणून देऊ नका.

२६/ शिवकालीन पत्रे पाहिलेल्यांना ठाऊक आहे : मजकूर कारकून लिही, आणि तो संपतो तिथे मोर्तब उमटे. मोर्तबाचा अर्थ असा की पत्र इथवरच, यापुढे एक अक्षरही घुसडलेले चालणार नाही. लेखणी कोणाची, यापेक्षा मोर्तब कोणाचे याला राज्यात वजन होते. आज लेखणी यंत्राच्या हाती गेली आहे, जाऊ द्या. मोर्तब करणारा हात मात्र माणसाचाच हवा, आणि तो वाचता येणारा हवा. तो हात घडवायला वर्षे लागतात. ती वर्षे वाचवून काही वाचत नाही.

(धागा समाप्त. असहमत असाल तर अवश्य लिहा. विधानासोबत अस्सल कागद जोडावा, एवढीच विनंती.)